राणीच्या संघाचा सोमवार

पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यामुळे पोरींवर ओरडायची माझी सवय काही जात नाही. जतच्या स्टँडजवळ राणीचं झेरॉक्सचं दुकान आहे. निवृत्त झाल्यापासून मी रोज तिथे पेपर वाचायला बसतो. पेपर तिचा, चहाही तिचाच, आणि वर ओरडा माझा.

गेल्या वर्षी एकदा डोकावलो, तर बाई कॉम्प्युटरवर हॉकी लावून बसलेली.

"गिऱ्हाईक सोडून खेळती काय गं?"

"खेळत न्हाई सर. संघ चालवती."

त्या खेळात स्टिक हलवायची नसते. खेळाडू निवडायचे, त्यांचे पगार ठरवायचे. सामना कॉम्प्युटरच खेळतो. शेवटच्या गटातल्या सोळा संघांत राणीचा संघ सगळ्यात गरीब. खेळाडूंची नावं मात्र तिनं स्वतः दिलेली. कॅप्टन क्रांती, गोलात शिवांजली, मधे प्रियदर्शनी आणि सोनिया, पुढे राणी. या माझ्याच शाळेच्या संघातल्या पोरी होत्या. उसन्या बुटांवर जिल्ह्याची फायनल खेळलेल्या. मग कुणी लग्न होऊन वडूजला गेली, कुणी नोकरीला पुण्याला, आणि हॉकी संपली ती संपलीच.

"मैदान तर गेलं सर. म्हटलं, नावं तरी खेळू देत."

मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

नियम कडक. दर सोमवारी दुपारी बारा वाजता पगार वळते होणार. लागोपाठ दोन सोमवार पैसे कमी पडले की संघ बरखास्त आणि नावंही पुसली जाणार. तिकीटविक्रीतून येणाऱ्या नाण्यांत राणी कसंबसं भागवायची. मार्चमध्ये मात्र ओढाताण व्हायला लागली. राणी मेंढपाळाची लेक. उन्हाळा तोंडावर आला की चार जनावरं विकून बाकीची जगवायची, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तिनं तेच केलं. तेहतीस वर्षांची, सगळ्यात जास्त पगाराची क्रांती विकून टाकली.

दर सोमवारी ती संघाची यादी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकते. वडूजहून क्रांतीचा लगेच फोन आला; राणीनं स्पीकर लावला.

"राणे, मला इकलीस व्हय गं?"

क्रांती पोट धरून हसत होती. राणी काही हसली नाही.

पुढचे तीन सामने संघ हरला. प्रेक्षक घटले, तिकिटं खपेनात, आणि एका सोमवारी पगार कमी पडलाच. आता उरला एकच सोमवार.

त्या शनिवारी तिचे वडील, भाऊसो, पाण्याच्या टँकरच्या अर्जाची झेरॉक्स काढायला आले. लेकीचं तोंड उतरलेलं बघून त्यांनी विचारलं, तिनं सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा हसेल. ते स्टुलावर नीट बसले.

"तुझी कॅप्टन म्हंजी कळपाम्होरं चालनारी म्होरकीच की. म्होरकी इकतंय का कोन? दात पडले तरी आमी तिला ठेवतो. चारा कमी पडला तर चार मेंढरं जातील, पन म्होरकी गेली की समदी खांड इस्कटती."

"पन पैसं कुठनं आनू, आबा?"

"ते तुझं तू बघ. सगळ्यात जास्त किंमत कुनाला येती, ते इक."

अर्ज घेऊन ते गेले. राणीनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. मॅनेजरला, म्हणजे तिला स्वतःला, मिळणारा पगार तिनं शून्य केला. दोन राखीव खेळाडू सोडले. तरी क्रांतीला परत आणण्याइतकं जमेना. बराच वेळ ती यादीकडे बघत बसली. गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला थांबवलं. असं ती कधी करत नाही.

सोमवारी मी साडेअकरालाच हजर. बारा वाजले. पगार वळते झाले. शिल्लक तीनशे नाणी. संघ वाचला! मी टेबलावर इतक्या जोरात हात मारला की चहा सांडला. मग यादी वाचली. कॅप्टन क्रांती परत आली होती. गोलात शिवांजली होती. पुढची जागा मात्र कुणा परक्या, स्वस्तातल्या पोरीची.

"अगं, राणी कुठाय?"

"इकली," ती टेबल पुसत म्हणाली. "तिलाच किंमत आली."

मला ओरडायचं होतं. मी तिच्या हातातलं फडकं घेऊन उरलेला चहा पुसला.

यादी ग्रुपवर गेली आणि पाचच मिनिटांत वडूजहून फोन. या वेळी क्रांती हसत नव्हती.

"राणे, मला आनलंस, आन् तू कुठं गेलीस? आता मी पास कुनाला देऊ?"

डोळे पुसून राणीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पुढचा हंगाम सुरू होतो त्या तारखेवर लाल पेनानं गोल केलेला होता, खाली आकडा लिहिलेला.

"तवर सोनियाला दे," ती म्हणाली. "माझी किंमत लिवून ठेवलीया."