बाभळीखाली एक जोड जास्त

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. आमच्या मच्छीमार सोसायटीचा मी सचिव. धरणाचं पाणी, वारा, मासा कुठे लागतोय — एवढं रोज ग्रुपवर टाकायचं, हे माझं काम. लोक मला ‘आकाशवाणी’ म्हणतात. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

आधी जागा सांगतो. हिंगोली जिल्ह्यात, सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या टोकाला, पूर्णा नदी जिथे धरणात शिरते तिथली. त्या मुखाशी मासा भरपूर. पण वरच्या धरणातून पाणी सुटलं की होडी सावरत नाही. काठावर एक बाभूळ आहे. चपला तिच्याखाली काढायच्या आणि अनवाणी होडीत बसायचं, ही आमची जुनी रीत. पाणी सुटायच्या आधी मी बाभळीखाली बघतो. जागा रिकामी, म्हणजे सगळे पाण्याबाहेर.

दोन वर्षांपूर्वी मी घाईत नीट बघितलं नाही. आमच्यातल्याच किसनकाकांच्या चपलांची जोड खोडामागे राहिली होती... काका दुसऱ्या दिवशी सापडले. ती जोड मी माझ्या हाताने त्यांच्या सरणावर ठेवली. डाव्या चपलेचा अंगठा त्यांनी जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने शिवलेला होता. चूक माझी होती, आणि ती मला अजून झोपू देत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले होते, पाच वाजता पाणी सुटणार होतं. मी ग्रुपवर टाकलं, होड्या आल्या, माणसं घरी गेली. बाभळीखाली मात्र एक जोड तशीच. मी एकेकाला फोन लावला. सगळ्यांचं एकच — “आमी तर कवाच आलो, भाऊ.”

शेवटी किसनकाकांच्या घरी, त्यांच्या मुलासाठी लावला. काकू म्हणाल्या, “सुरेश न्हाई आला अजून. सासुरवाडीला गेलता, तिकूनच पल्याडच्या काठानं पाण्यात जातो म्हनला. काहून, भाऊ?”

मी होडी पाण्यात ढकलली. मासे घ्यायला आलेले रहीमभाई शेजारीच होते. “बैठो भाऊ, बैठो,” म्हणत त्यांनी वल्हं उचललंसुद्धा.

सुरेश मुखाशीच सापडला. जाळं पाण्यातल्या खोडाला अडकलेलं, त्यात त्याचा पाय. होडी कलंडलेली, ओरडून ओरडून आवाज बसलेला. जाळं कापून त्याला आणलं. काठाला लागलो आणि मागे पाण्याचा आवाज सुरू झाला.

बाभळीखाली काहीच नव्हतं.

“इथं जोड होती ना?” मी विचारलं.

“थी ना,” रहीमभाई म्हणाले. “अंगठ्याला निळा धागा होता.”

घाईत मी जोड बघितली होती, धागा नाही. आणि काकांच्या त्या धाग्याबद्दल रहीमभाईंशी मी कधीच बोललो नव्हतो. सुरेश कुडकुडत माझ्याकडे बघत राहिला. “भाऊ... त्या तर तुमीच बाबाच्या सरणावर ठेवल्या व्हत्या.” मग तो लहान लेकरासारखा रडला. मीही रडलो.

कोणी म्हणेल, दुसऱ्या कोणाची जोड असेल. असेलही. पण त्या दिवशी घरी गेलेला प्रत्येक जण आपापल्या चपला घालून गेला होता, आणि सुरेशच्या पल्याडच्या काठावर होत्या. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आता मी रोज वाकून खोडामागेही बघतो. जागा रिकामी दिसली की हायसं वाटतं... आणि थोडं वाईटही.