भिंतीतली वायर

काल भर दुपारी मी शेजारच्या कुमुदवहिनींकडे बसलो होतो, तेव्हा भुतं शोधणारे दोघं आले. वहिनींचे यजमान अण्णा, त्यांना जाऊन महिना झालाय. त्या दोघांकडे टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र होतं. अण्णांच्या खुर्चीमागच्या भिंतीजवळ नेल्यावर त्याचे लाल दिवे भराभर लागले. "आहेत, इथंच आहेत," एक जण कुजबुजला. दुसऱ्याचं मोबाइलवर शूटिंग चालूच होतं.

माझं डोकंच फिरलं. मी जन्मभर वायरमन होतो. त्या भिंतीतून मेन लाइनची वायर मीच ओढलीय. विजेजवळ नेलं की ते यंत्र पेटणारच. त्याला अण्णा काय कळणार?

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात आणि पिठावर पाऊल उमटलं का ते बघतात. मी त्यालाही हसत आलोय. पण ते पीठ निदान घरचं असतं. त्यावर वाकणारी माणसं रडलेली असतात. हे दोघं तर च्युइंगम चघळत होते.

मी उठलो आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, यंत्र विझलं.

"बघा वहिनी, गेलं तुमचं भूत!" मी जवळजवळ ओरडलोच.

ते दोघं चपला घालून निघून गेले. वहिनींचा हात अजून खुर्चीच्या पाठीवर होता.

"भावजी, तिथं वायर आहे हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती ओढलीत तेव्हा बॅटरी ह्यांनीच धरली होती. थोडा वेळ राहू द्यायचं होतंत."