सुरुवात शेठकडं राहिली

कांतिशेठ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बटाट्याला पाणी देत होतो. फोन बबन शिंप्याचा. घोडेगावच्या पेठेत शेठचं कापडाचं दुकान, आणि त्याच दुकानाच्या ओट्यावर बबनची मशीन. तो एवढंच म्हणाला, "गेनभाऊ, शेठ गेलं. तुमी या." मी त्याच्यावरच ओरडलो, की काय बी काय बोलतो, बाजाराच्या दिवशी तर माझ्याशी भांडत होते... पलीकडून हुंदका ऐकू आला तेव्हा कुठं मला खरं वाटलं. पाणी तसंच सोडून निघालो. मागं सऱ्या फुटल्या, पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं, त्याचं बोलणं नंतर ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची मला सवय नाही.

स्मशानात सगळी पेठ लोटली होती. मी मागं एका बाजूला उभा. खांद्याला पिशवी होती, घरातून निघताना हातानं सवयीनं उचललेली. तिच्यात अर्धं पुस्तक. मागचं अर्धं. पुढचं अर्धं शेठकडं होतं. हा अर्ध्याचा काय प्रकार ते सांगितलं म्हणजे कांतिशेठ काय माणूस होते ते कळंल.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही धड नाही. पण वाचतो. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश. कुणी हसलं तर हसू द्या. शेठचे वाडवडील मारवाडातून आलेले, पण शेठ घोडेगावातच जन्मले, बोलणं आमच्यासारखंच. पुण्याला माल भरायला गेले की गठ्ठ्यात एखादी कादंबरी घालून आणायचे आणि गिऱ्हाईक नसलं की गादीवर मांडी घालून वाचत बसायचे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी टोपी घ्यायला गेलो तर त्यांचं डोकं पुस्तकात.

"शेठ, गिऱ्हाईक उभं हाय आन तुमी पोथी वाचताय व्हय?"

"पोथी न्हाई राव, दोन भावांच्या भांडणाची गोष्ट हाय. बसा."

मी बसलो. त्यांनी निम्मी गोष्ट सांगितली. मी विचारलं, मग चूक कुणाची? ते म्हणाले, धाकट्याची. मी म्हणालो, थोरल्याची. तिथं जी जुंपली, ती टोपी घ्यायची राहूनच गेली. पुढच्या बाजारी शेठ म्हणाले, "माझं वाचून झालं की तुमाला देतो." मी म्हणालो, "उष्टं मी खात न्हाई. माणसाचं न्हाई आन पुस्तकाचंबी न्हाई." असा माझा स्वभाव. दुसरा असता तर म्हणाला असता, जाऊ द्या मग. शेठनी पुस्तक मधोमध उघडलं, पालथं दाबलं आणि कापड कापायची कात्री घेऊन पाठीवरनं सरळ चिरलं. त्यांनी एक अर्धं माझ्या पुढ्यात टाकलं. "घ्या. आता उष्टं कुणाचंच न्हाई. दोघंबी एकदमच जेवायला बसू."

माझ्या वाट्याला मागचं अर्धं आलं होतं. तेव्हापासून मी मागचंच घेत आलो. शेवट आपल्या हातात असलेला बरा. गावात तंटा मिटवायला मला बोलावतात, तिथंही मी हेच बघतो, की शेवटी कोण काय वागला. आधीचं रडगाणं काय, सगळेच गातात. शेठ पुढचं अर्धं घ्यायचे. दोघांचं वाचून झालं की अदलाबदल, आणि तेही झालं की बबन मोठ्या सुईनं, जाड दोऱ्यानं पुस्तक शिवून द्यायचा. असली शिवलेली पुस्तकं दुकानात, लुगड्यांच्या वरच्या फळीवर ओळीनं उभी आहेत.

शेठनी एक नियम केला होता. गोष्ट सांगायची नाही, मत सांगायचं. आणि ते वाचता-वाचताच सांगायचं. "वाचून झाल्यावर कुणीबी शहाणा व्हतो, गेनभाऊ. अर्ध्यात असताना बोला, मग कळंल माणसाची पारख." त्यामुळं दर बाजारी आमची अशी बोलणी व्हायची की ऐकणाऱ्याला वेड लागावं. मी म्हणायचो, तो मामा एक नंबरचा हलकट. शेठ म्हणायचे, त्याचं लहानपण बघितलं असतं तर तुमीच त्याला जेवाय घातलं असतं. एकदा मी दुकानात बसून म्हणालो, "त्या धाकट्या सुनंनंच घर फोडलं, तिला आधीच माहेरी धाडाय पायजे व्हती." लुगडं बघायला आलेल्या एका बाईनं ते ऐकलं. तिच्या शेजारी दोन सुनांचं घर होतं. संध्याकाळपर्यंत त्या घरात रडारड. शेवटी शेठ पुस्तकाचा तुकडा हातात घेऊन त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "ही बघा ती सून. हिच्या नावानं बोंबलत व्हता आमचा गेनभाऊ." पेठेत पुष्कळ दिवस मला लोक विचारायचे, काय गेनभाऊ, सून नांदाय आली का?

आमचं एकही भांडण पुरं झालं नाही. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे. भांडण अगदी रंगात यावं आणि आतून वहिनींनी हाक मारावी, "अहो, ताट वाढलंय." शेठ तोंडातलं वाक्य तसंच टाकून उठायचे. मी एसटी धरायचो आणि वाटेत त्यांना काय काय सुनवायचं ते जुळवत बसायचो. वर्षातून एकदा मात्र ते आपण होऊन माझ्या वावरात यायचे, पर्युषण संपलं की. बांधावर उभं राहून हात जोडायचे. "मिच्छामि दुक्कडम्, गेनभाऊ. वर्षभरात काय वाकडं बोललो असंन तर माफी करा." आणि मी काही बोलायच्या आत, "पर त्या मामाचं माझंच खरं बरं का." एवढं म्हणून हसत परत निघायचे.

हे शेवटचं पुस्तक एका बाईच्या गोष्टीचं होतं. माझ्याकडच्या अर्ध्यात तिचा सख्खा भाऊ मरायला टेकलेला असतो. तो तिला सांगावा धाडतो, एकदा धाडतो, परत धाडतो. ही जात नाही. का, ते माझ्या अर्ध्यात कुठंच लिहिलेलं नाही. अंगणात शेंगा फोडत बसते. मला लई राग आला. बाजाराच्या दिवशी दुकानाची पायरी चढता-चढताच मी म्हणालो, "शेठ, तुमची ती बाई माणूस न्हाई, दगुड हाय."

शेठ त्या दिवशी तक्क्याला रेलून बसले होते. जरा उतरलेले दिसले. मी विचारलं, तर म्हणाले, पित्त झालंय. मग हळूच म्हणाले, "घाई करू नका. कारण हाय."

"काय कारण?"

"ते सांगितलं तर गोष्ट सांगितल्यावानी व्हईल. पुढच्या बाजारी तुकडं बदलू. मग तुमीच म्हणाल, बाई बरोबर व्हती."

"मी मरंस्तोवर म्हणायचो न्हाई."

"बगा हं," असं म्हणून ते हसले. आतून वहिनींची हाक आली. शेठ गुडघ्यावर हात ठेवून उठले, पडद्यापाशी जाऊन वळले. "कारण असल्याबिगर माणूस असं करत न्हाई, राव." आणि आत गेले. मी त्यांना रामरामसुद्धा घातला नाही, रागात होतो... पुस्तकातल्या बाईच्या रागात.

शेठ गेल्यानंतरच्या बाजारी मी दुकानात गेलो. गादीवर शेठचा मुलगा. "या काका, काय दाखवू?" मला पुढचं अर्धं पाहिजे होतं. शेठ काय सांगणार होते ते मला पाहिजे होतं, दुसरं काही नाही. पण ज्याचा बाप नुकताच गेलाय त्याच्यापुढं हात पसरून फाटकं पुस्तक मागायचं? मला जन्मात कुणाकडं काही मागता आलेलं नाही. मी म्हणालो, टोपी दे. त्याच्या पुढच्या बाजारी तेच. काका काय दाखवू... टोपी दे. घरात कोऱ्या टोप्यांची चळत झाली. बबन मशीन थांबवून माझ्याकडं बघायचा आणि परत पाय हलवायला लागायचा.

मग एका बाजारी मी टोपी घेऊन उठत होतो, तेवढ्यात पडदा सरला आणि वहिनी बाहेर आल्या. पांढऱ्या लुगड्यात मला त्या एकदम ओळखूच आल्या नाहीत. "गेनभाऊ, डोकं एकच आहे ना तुम्हाला? टोप्या किती नेणार?" मी खाली बघितलं. त्यांनी पदराआडून तो तुकडा काढला. "त्यांच्या उशाशी होता. म्हटलं आज मागतील, उद्या मागतील. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही." मी दोन्ही हातांनी घेतला. वहिनी म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हणत होते, गेनभाऊला हरवणार आहे ह्या खेपेला."

तुकड्यात शेठची खूण होती, कापडाच्या काठाची निळी चिंधी. वाचून होईल तिथं ते चिंधी ठेवायचे. मी वावरातल्या आंब्याखाली बसून ओळ न् ओळ वाचली. चष्मा पुसून वाचली. बाई लहान असते, भावाच्या खांद्यावर बसून जत्रेला जाते. भाऊ तिच्यासाठी मार खातो. लग्नात तिच्यापेक्षा तोच जास्त रडतो. वाचता-वाचता मी चिंधीपाशी आलो... आणि कारण कुठंच नव्हतं. भांडण नाही, दगा नाही, काही नाही. परत मागं जाऊन वाचलं. नव्हतंच. चिंधीच्या पुढं थोडीच पानं होती, त्यापुढं कात्रीनं चिरलेली पाठ.

पहिल्यांदा माझं टाळकं सरकलं. कारण हाय, कारण हाय म्हणून मला झुलवत ठेवलं शेठनी! कापड मोजताना बोटभर जास्तच सोडणारा हा माणूस माझ्याशी खोटं बोलला? मग हळूहळू ध्यानात आलं. शेठ खोटं बोलले नव्हते. त्यांनी कारण वाचलेलं नव्हतं, तरी ते असणारच हे त्यांना ठाऊक होतं. त्या मामालाही ते असंच बोटभर जास्त मोजत आले, धाकट्या सुनेलाही. आणि मलाही. उष्टं खात नाही म्हणून तोंडावर बोलणाऱ्या, रामराम न घालता जाणाऱ्या माणसापायी त्यांनी आपलं कोरं पुस्तक चिरलं होतं. त्या दिवशी मी असा का बोललो, हे त्यांनी मला एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. असंल काही कारण, म्हणून सोडून दिलं असणार.

गेल्या बाजारी दोन्ही तुकडे घेऊन दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. बबननं सुईत जाड दोरा ओवला आणि हात पुढं केला. "आणा, शिवतो."

"थांब. वाचून व्हायचंय अजून."

"कुणाचं?" बबननं विचारलं. मी दोन्ही तुकडे पिशवीत घातले. त्यानं सुई तशीच मशीनवरच्या कापडाला टोचून ठेवली.

चिंधीपुढची उरलेली पानं मी उघडलेली नाहीत. घरात टोप्यांच्या चळतीशेजारी दोन्ही तुकडे आहेत, आणि पुढच्या तुकड्यात निळी चिंधी शेठनी ठेवली तिथंच आहे. पुढं कारण लिहिलेलं असंल, नसंल. मी जन्मभर कुणाचं म्हणणं पुराव्याबिगर मानलेलं नाही. हे एक मानतो. दिवस मावळायला लागला की अजून कान दुकानाकडं जातो, आता आतून हाक येईल म्हणून... शेठ, बाई बरोबर होती.