गुरुवारच्या मंडळीचे भास्करमामा

माणूस गप्प राहणारा असला की त्याचे किस्से जास्त होतात, हे माझं मेस चालवता चालवता झालेलं मत आहे. बडबड्या माणसाचं सगळं तोच सांगून टाकतो, दुसऱ्याला काही उरतच नाही! आमच्या भास्करमामांनी स्वतःबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्यामुळे ते काम आम्हा बाकीच्यांवर येऊन पडलंय.

पोरांनो, परवा तुमच्यातल्या एकीनं मला विचारलं, "मावशी, मामांना पोलिसांनी का धरलं होतं? त्यांनी चोरी केलेली का?" तिच्या आईनं लगेच डोळे वटारले. मला ते आवडलं नाही. पोरानं विचारलं तर सांगावं. म्हणून हे लिहायला बसले. यात माझीही एक लाज वाटावी अशी गोष्ट आहे, ती पण सांगणार आहे.

मामा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. मशीनवरून पार्ट आला की मोजायचा, बरोबर असला तर पुढे सोडायचा, नसला तर लाल खूण करून बाजूला. मूळचे नगरकडचे. बायको देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. जवळच्या कुरुळी गावात तात्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचे आणि माझ्या मेसवर जेवायचे. सुट्टीच्या दिवशी त्याच खोलीत येशूची प्रार्थना आणि प्रवचन. उरलेल्या वेळात तुमच्यासाठी गोष्टी लिहायच्या, झेरॉक्स काढायच्या, मधोमध दोन पिना मारायच्या. त्यातल्या निम्म्या पुस्तिका तुम्ही फाडल्यात, माहीत आहे मला!

* * *

मामा कुठलीही नवी गोष्ट आधी माझ्या नातीला, पिंकीला वाचून दाखवायचे. ती खिडकीबाहेर बघायला लागली की त्या ओळीला लाल खूण. जांभई दिली तर अख्खं पान रिजेक्ट!

एकदा बायबलमधल्या नोहाच्या तारवाची, त्या महापुरातल्या जहाजाची गोष्ट चालली होती. हत्ती आले, उंट आले, दार बंद झालं, पाऊस सुरू झाला. पिंकी म्हणाली, "मामा, एवढी जनावरं आत. मग शेण कोण काढत होतं?"

मामा वाचायचे थांबले. मी हसून हसून बेजार. ते मात्र अजिबात हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात गोष्ट नव्यानं लिहून आली, आणि तीत नोहाच्या तिन्ही सुना पदर खोचून खराटा घेऊन उभ्या!

मला म्हणाले, "पिंकी नसती ना मावशी, तर हा पार्ट असाच कस्टमरकडे गेला असता."

* * *

आपल्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. म्हणून आपली उपासनाही गुरुवारी, आणि तुमचं संडे स्कूलसुद्धा गुरुवारी, शाळा सुटल्यावर! नवीन आलेल्या माणसाला हे समजावताना मामांची तारांबळ उडायची.

मामा लोकांना फसवून धर्म बदलायला लावतात, असं काही जणांच्या डोक्यात बसलं होतं. ते दहा-बारा जण एका रविवारी सकाळी सभा बंद पाडायला आले. खोलीला कुलूप! मामा फर्स्ट शिफ्टला, मी मेसवर, बाकीचे आपापल्या कंपनीत. अंगणात एकटे तात्या शेंगा फोडत बसलेले.

"सभा कुठंय?" एकानं दरडावून विचारलं.

तात्या भोळा माणूस. म्हणाले, "आज कशाची सभा? आज शिफ्ट हाय न्हवं का! गुरवारी या की, समदे भेटत्यात."

आणि ते खरंच गुरुवारी आले.

* * *

त्या गुरुवारी ते चाळीसेक होते. आम्ही वीस-बावीस, आणि चार लेकरं. ते "नावं सांगा, प्रत्येकाचं नाव पाहिजे!" म्हणून ओरडत होते, मोबाइल वर धरून शूटिंग करत होते.

नावाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. आपल्यातले बहुतेक जण कॉन्ट्रॅक्टवर. नाव तक्रारीत गेलं, कंपनीच्या गेटवर नोटीस आली, की दुसऱ्या दिवसापासून गेटपास बंद. माझा मुलगाही कॉन्ट्रॅक्टवरच आहे. मामांना हे पक्कं ठाऊक होतं.

ते दारात जाऊन उभे राहिले. दार लहान आणि मामा चांगलेच रुंद. त्यांच्या पाठीमागून आम्ही मोरीच्या बाजूच्या मागच्या दारानं एकेक करून बाहेर पडलो. परत आलो तेव्हा भजनाची बाजाची पेटी फुटलेली, पुस्तिका नेलेल्या आणि मामांच्या शर्टाला एक बाही नाही.

"नावं दिली का?" मी विचारलं. मला आधी हेच सुचलं, लागलं का म्हणून विचारायचं नाही सुचलं.

"माझ्याकडून कुणाचंच नाव कुणाला मिळणार नाही," मामा म्हणाले. "पण मावशी, आज जेवायला उशीर झाला हो."

* * *

महिनाभरानं मामा कंपनीतून येत असताना तिघांनी त्यांची सायकल अडवली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. मी दवाखान्यात गेले तर हात प्लॅस्टरमध्ये आणि मामा छताकडे बघत पडलेले.

मी रडत रडत विचारलं, "कोण होते मेले? ओळखलंत का?"

"नाही ओळखलं. तिघांनीही हेल्मेट घातलं होतं." वर म्हणाले, "चांगली सवय आहे. हल्ली कोण घालतं?"

मला इतका राग आला की संत्री तशीच परत घेऊन निघाले होते!

पुढचे तीन महिने डाव्या हातानं लिहीत होते. पहिलीतल्या पोरासारखं मोठं मोठं, सुटं सुटं अक्षर. पिंकीनं पुस्तिका बघितली आणि खूश होऊन म्हणाली, "मामा, आता कुठं तुमचं वाचता येतंय!"

* * *

तात्यांना मात्र लोकांनी सुखानं राहू दिलं नाही. रोज कुणीतरी यायचं आणि विचारायचं, खोली कधी रिकामी करताय? सुरुवातीला तात्या म्हणायचे, "म्या खोली दिलीया, आत कुणी कुठला देव आठवायचा त्ये मी कशाला बघू?" पण म्हातारा माणूस, गावातच राहायचं, गावातच मरायचं. एक दिवस मामांसमोर येऊन खाली मान घालून उभे राहिले. मामांनी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणाले, "शनिवारपर्यंत करतो."

शनिवारी तात्या बघायला आले तर मामा स्टुलावर चढून भिंतीला रंग देत होते, तोही एका हातानं! खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवलेली, मोरी घासलेली.

तात्यांनी खालून स्टूल धरलं. म्हणाले, "आवं, म्या तुमाला काढतुया, आन तुमी रंग देताय?"

"खोली चांगली होती, तात्या," मामा म्हणाले.

मामा पिंपळे गुरवला राहायला गेले. तात्यांनी ती खोली अजून कुणाला दिलेली नाही.

* * *

आता पोलिसांचं. नव्या जागेत दुसऱ्याच आठवड्यात तक्रार झाली आणि मामांना नेलं. चोरीबिरी काही नाही. गोष्टी सांगितल्या, प्रार्थना केली, एवढंच. मामा पुढे सुटले, केस अजून चालू आहे, तारीख पडली की जातात. पण मला सांगायचंय ते आतल्या पाच दिवसांचं.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांना यादी हवी होती. "तुमच्याकडे कोण कोण येतं ते लिहून द्या, आम्ही त्यांना विचारू, विषय संपला," असं रोज म्हणायचे. मामा रोज म्हणायचे, "मी येतो, साहेब. माझं लिहा."

मी डबा घेऊन जायची. दाराशी वही ठेवलेली, तीत नाव, काय आणलं आणि नातं, असं लिहायचं. पहिल्याच दिवशी हवालदारानं विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

आणि मी म्हणाले, "कुणी नाही. मेसचा डबा आहे."

ज्या माणसानं माझ्या नातीला वाचायची गोडी लावली, माझ्या आजारपणात रात्रंदिवस प्रार्थना केली, त्याची मी कुणी नाही! नावाच्या जागी 'मेस' लिहिलं, नात्याच्या जागी रेघ मारली. पोरांनो, भीती काय करायला लावेल सांगता येत नाही. डोळ्यांसमोर मुलाचा गेटपास दिसत होता.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं मामांनाच विचारलं, माझ्या देखत. "ही बाई तुमच्या सभेला येते का हो?"

मामा खोटं बोलत नाहीत, कधीच नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे.

"यांच्या भाजीत मीठ कमी असतं, साहेब," ते म्हणाले. "कितीदा सांगितलं, सुधारणा नाही."

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन ओट्यापाशी बसून किती रडले ते मलाच माहीत. तिसऱ्या दिवशीही 'मेस'च लिहिलं, चौथ्या दिवशीही.

पाचवा दिवस गुरुवार होता. सकाळी मुलाला सगळं सांगितलं. तो बूट घालता घालता थांबला, म्हणाला, "जा आई." मी गेले, वही ओढली आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. पत्ता लिहिला. नात्याच्या जागी लिहिलं, 'दर गुरुवारी यांच्याकडे प्रार्थनेला येते, स्वखुशीनं.'

हवालदारानं ते दोनदा वाचलं. हळूच म्हणाला, "मावशी, खोडायचं असेल तर पेन आहे. अजून साहेब आले नाहीत."

"राहू द्या," मी म्हटलं.

त्यानं आत जाऊन मामांना सांगितलं असावं, कारण मी गजापाशी पोचले तर मामा उभे होते, आणि इतकं संतापलेलं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. हात मोडला तेव्हा नाही, खोली गेली तेव्हा नाही.

"मावशी, वेड लागलंय का तुम्हाला? मग मी पाच दिवस कशासाठी बसलोय इथं?"

मी डबा उघडून आत सरकवला.

"पोटभर जेवून घ्या, मामा," मी म्हटलं. "उद्या आपल्या दोघांचा डबा कोण आणतंय, सांगता येत नाही."