सीताफळाच्या सात बिया

माझी लेक मुंबई-गोवा क्रूझवर भटारखान्यात आहे, गोडाचे पदार्थ करते. घरच्यांना तिकीट सवलतीत मिळतं, म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको हर्सूलहून निघालो. ह्यांना बोट लागली, पहिल्याच तासाला आडवे झाले. मी ठणठणीत. मला समुद्राचं काय कौतुक, मला लेकीचं काम बघायचं होतं.

दुपारी चारला तिथं गोड चाखायचा खास कार्यक्रम असतो. लांब टेबलावर माझ्यासकट बारा पाहुणे, एकामागून एक पाच पदार्थ, प्रत्येक चार-दोन घासांचा. पाचवा माझ्या लेकीनं स्वतः रचलेला. सकाळीच ती म्हणाली, "आई, माझा पदार्थ आज पहिल्यांदा टेबलावर लावतेय. मोठा शेफ वशिला मानत नाही. ताटल्यांत काय उरतं तेवढंच बघतो. उरलं, की माझा पदार्थ बाद."

"उरतंय कशाला? खाऊन तर बघू दे त्यांना," मी म्हणाले. बारावीनंतर याच पोरीला मी म्हणाले होते, मिठाई शिकायला फी कशाला भरायची, गुलमंडीतले हलवाई फुकट शिकवतील. लई दिवस बोलली नव्हती माझ्याशी. चूक माझीच होती.

पहिले चार पदार्थ आले नि गेले. एकावर सोन्याचा वर्ख होता, चव काही ध्यानात राहिली नाही. मग लेक बाहेर आली. पांढरा कोट, पाठ ताठ. माझ्याकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही आणि मला ते फार आवडलं. पुढ्यात हिरवट कवच, आत पांढरा गर, गरात काळ्या बिया. मी चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. दौलताबादच्या रस्त्यावर टोपलीतलं घेतो ना, तस्सं रवाळ सीताफळ.

सगळा गर संपवूनच डोळे उघडले, तर शेफ माझ्याच खुर्चीशी उभा. गोरा, उंच, नजर माझ्या ताटलीवर. कडेला सात बिया, ओळीनं लावलेल्या. जिभेनं कधी वेगळ्या केल्या, मला पत्ताच नाही. आमच्याकडं लेकरू बोलायच्या आधी सीताफळाची बी थुंकायला शिकतं. शेजारची बाई हळूच म्हणाली, "अहो, त्या चॉकलेटच्या आहेत. खायच्या असतात."

अकरा ताटल्या चाटूनपुसून साफ, आणि उरलं कुणाच्या, तर सख्ख्या आईच्या.

शेफनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. लेकीचा चेहरा उतरला होता, तरी आवाज सरळ ठेवून ती म्हणाली, "सर विचारतायत, हे का ठेवलं?"

"त्यांना सांग, पन्नास वर्षं सीताफळं खातेय. या जिभेला आजवर कुणी फसवलं नव्हतं. तू फसवलंस."

तिनं सांगितलं. शेफ हसला नाही. वाकून त्यानं बिया निरखल्या, तिच्याकडं बघून मान हलवली आणि दोनच वाक्यं बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतायत, अशी जीभ फसली म्हणजे पदार्थ जमला. पुढच्या फेरीपासून रोज लावायचंय." तिचा आवाज आता कापत होता.

मी त्या बिया एकेक उचलून तोंडात टाकायला लागले.

"आई, राहू दे. लोक बघतायत."

"बघू दे की," मी म्हणाले. "माझ्या लेकीच्या हातचं मी टाकत नसते."