पाचवा कंद

मुळाक्काच्या हातून मूळ तुटलं, असं वनस्पती-संग्रहाच्या कार्यालयात कुणी कधी ऐकलं नव्हतं. रानातली झुडपं आली की पानंफुलं दुसरे लोक दाबून वाळवायचे. कंद, मुळं, नखाएवढे कोंब, म्हणजे जमिनीतलं सगळं हिच्या वाट्याला. ती ते धुऊन त्याचं चित्र काढायची, मग तेही वाळून कपाटात जायचं. माती खरवडायची नाही, पाण्यात आपोआप सुटू द्यायची, हा तिचा नेम. पण कार्यालय पाचला बंद. मग बाईसाहेब कंद घरी आणून स्वयंपाकघरातल्या पातेल्यात भिजत घालायच्या. नवरा म्हणायचा, "एक दिवस हेच वाढशील आम्हाला!" आणि ती हसायची. काय हसण्यासारखं होतं, देव जाणे.

त्या सकाळी ती आंघोळ करून आली, तर पातेल्यात पाचाच्या जागी चारच कंद.

तिनं पाणी उपसून पुन्हा मोजले. चारच. दिसायला बटाट्याचे सख्खे भाऊ, पण जहाल विषारी. अर्धा पोटात गेला तरी माणूस हाती लागणं कठीण. नवरा कामावर गेलेला. घरात फक्त सासरे, आणि त्यांना हल्ली सकाळचं दुपारी आठवत नसे.

"बाबा, पातेल्यातलं काही घेतलंत?"

"घेतलं की."

"खाल्लंत?"

"खाल्लं."

अहो, चप्पल खाल्लीत का विचारलं असतं, तरी ते हेच म्हणाले असते! पण तेवढ्यावर विसंबायचं कसं? तिनं दवाखान्याला फोन लावला. गाडी निघाली म्हणाले. तिनं त्यांना आ करायला लावलं, जीभ पाहिली, कचऱ्याचा डबा उपडा केला, उशीखाली चाचपलं. कुठं साल नाही, तुकडा नाही. मीच मारलं यांना, माझ्याच पातेल्यानं मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

नाडी बघायला तिनं त्यांचा हात धरला. नखांत ओली माती.

"ही कुठली माती, बाबा?"

सासऱ्यांनी चोरट्या नजरेनं खिडकीतल्या रिकाम्या कुंडीकडे पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी माती उकरली. पाचवा कंद! अख्खा, कोंब वर करून नीट लावलेला. तिला रडूच फुटलं. ती तो उपटणार, तोच म्हाताऱ्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको गं. तुझ्याकडे आलेलं एकही जगत नाही. हे तरी राहू दे."

तीस वर्षांच्या नोकरीत तिला हे कुणी म्हणालं नव्हतं.

दवाखान्याची गाडी आली, त्यांना तपासून रिकामी परत गेली. तिनं सासऱ्यांचे हात कोमट पाण्यात बुडवून ठेवले आणि नखांतली माती आपोआप सुटू दिली. कुंडी कार्यालयाच्या खिडकीत नेऊन ठेवली. घरी काम आणणं त्या दिवसापासून बंद.

सासऱ्यांना सकाळचं दुपारी अजूनही आठवत नाही. पण संध्याकाळी ती दारात आली की विचारतात, "जगलं का गं?" म्हणून कार्यालयातून निघण्याआधी ती रोज कुंडीतला कोंब बोटानं चाचपून येते.