लाल ढालीची तपासणी

अठ्ठाविसाव्यांदा मेल्यावर मी वहीत एक रेघ ओढली आणि पुन्हा स्टार्टचं बटण दाबलं. मागून पॅकिंगच्या कोकिळाबेनने चहाचा कप ठेवला. एवढ्या वेळा मरता, दमत नाही का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पगार त्याचाच मिळतोय.

आणि खरंच मिळत होता. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. सुरतेत आमच्या कारखान्यात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम जुळवले जात. गेमच्या कॅसेटी बाहेरून यायच्या. मी त्याआधी उधन्याच्या एका मिलच्या लॅबमध्ये होते. तिथे सुताला वजन टांगायचं आणि ते कधी तुटतं ते लिहायचं. इथे सुताच्या जागी मी स्वतःच तुटत होते, एवढाच फरक. तेवढ्यासाठी सकाळी बस पकडायला मी अक्षरशः पळत जायचे.

भानगड एका पत्रकावरून झाली. एका कॅसेटीत एक योद्धा गुहेत शिरतो. वाटेत त्याला ढाल, बूट, दिवा अशा वस्तू सापडतात. त्यांचा उपयोग काय, हे गेम कुठेच सांगत नाही. सोबतचा कागद चिनी भाषेत, म्हणजे आम्हाला कोराच. तेव्हा आमच्या प्रभाकरभाऊंनी स्वतः खेळून पत्रक लिहिलं. प्रभाकर पाटील मूळचे धुळ्याकडचे, राहायला नवागामला. आधी कापडाच्या लूमवर होते, मग आमच्याकडे सोल्डरिंग शिकले. पत्रकात त्यांची दोन वाक्यं होती. लाल ढाल घेतली की मार निम्मा लागतो. चांदीचे बूट घातले की बर्फाच्या पुलावरून पाय घसरत नाही.

कामरेजचे दुकानदार हसमुखभाई ते पत्रक हातात घेऊनच आले. ढाल घेऊनही योद्धा पूर्वीइतकाच लवकर मरतो, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकं त्यांना लबाड म्हणत होती. आमचे मालक रमणिकभाई शांत गृहस्थ. त्यांनी मला बोलावून विचारलं, "बेन, साचुं के खोटुं?" शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. पत्रक खोटं निघालं तर ते लिहिणाऱ्याने परत लूम शोधावा, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं.

प्रभाकरभाऊ दारातच उभे होते. मला एवढंच म्हणाले, "ताई, मी खोटं लिहेल नाही."

मी लॅबची पद्धत लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. योद्ध्याचा जीव म्हणजे पडद्यावरची आठ लाल हार्टं. गुहेतलं वटवाघूळ एकदा चावलं की एक हार्ट जातं. म्हणजे ढालीशिवाय आठ चावे. ढाल खरी असेल तर सोळा लागायला हवेत. मी गुहेच्या तोंडाशी दिवा घ्यायचे, पेटवायचे, आत जायचे, आणि वटवाघळासमोर हात बांधून उभी राहायचे. दहा वेळा ढालीशिवाय, दहा वेळा ढालीसकट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दर वेळी आठ.

मधल्या वेळात बूट तपासले. पुलावरून मी बूट घालून जेवढी घसरले तेवढीच बुटांशिवायही. प्रभाकरभाऊ मात्र दोन्ही वेळा पडले नाहीत. म्हणजे बुटात काही नव्हतं, कसब त्यांच्या बोटांत होतं. ते ओशाळून हसले आणि पेन घेऊन बुटांची ओळ त्यांनी स्वतःच खोडली.

घरी नवऱ्याने दिवस कसा गेला ते विचारलं. तो बँकेत. मी म्हटलं, आज वीस वेळा मेले, तीस वेळा पुलावरून पडले. सासूबाईंनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मला हसू आवरेना. आणि हसता हसता मधेच आठवायचं, की शनिवारी मला एका माणसाला खोटं ठरवायचंय.

शुक्रवारी सकाळी मी प्रभाकरभाऊंना माझ्या टेबलाशी बसवलं. म्हटलं, तोच टीव्ही, तीच कॅसेट, तोच रिमोट, तुम्ही करून दाखवा. त्यांनी ढाल घेतली आणि वटवाघळासमोर उभे राहिले. कोकिळाबेन मोठ्याने मोजू लागली. आठ झाले. योद्धा उभाच. नऊ. आजूबाजूची टेबलं थांबली. बाराला अख्खं खातं माझ्या खुर्चीमागे होतं आणि सगळे मिळून मोजत होते. सोळाव्या चाव्याला योद्धा पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसासाठी एवढ्या टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

लगेच मी बसले. आठ. पुन्हा ते बसले. सोळा. कुणीतरी म्हणालं, ताईंच्या हातालाच यश नाही. पण वटवाघूळ हात ओळखत नाही. मी प्रभाकरभाऊंना परत सुरुवातीपासून खेळायला लावलं आणि नुसती बघत राहिले. या वेळी ते दिव्यावरून सरळ पुढे गेलेले मला दिसले. गुहेत मिट्ट काळोख, आणि हे दोन वळणं घेऊन बरोबर ढालीच्या पेटीशी.

"दिवा का नाही घेतलात?"

"कशाला? रस्ता पाठ आहे ना, ताई."

मी रिमोट जवळजवळ हिसकावलाच. दिवा न घेता शिरले, चार वेळा भिंतीवर आपटले, चाचपडत ढाल गाठली. सोळा. मग मुद्दाम दिवा घेऊन, पेटवून. आठ. पेटवलेला दिवा बटण दाबून विझवला. सोळा. दिवा आणि ढाल दोन्ही योद्ध्याच्या डाव्या हातातल्या वस्तू होत्या. पडद्यावर दोन्हींची चित्रं दिसत, पण दिवा पेटला की गेम ढाल हिशोबात धरतच नसे. मी खुर्चीतून उठून कोकिळाबेनला मिठी मारली. दोन मुलांची आई, पण त्या क्षणी मला स्वतःच्या वयाचं काही भान नव्हतं.

शनिवारी हसमुखभाई आले. मी काही समजावलं नाही, रिमोट त्यांच्या हातात दिला. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर सरकवून बसले. दिवा पेटवून आठ. मग मी त्यांना दिवा विझवायला सांगितला. सोळाला त्यांनी वर बघितलं आणि अजून एकदा खेळू का, असं विचारलं. तास झाला तरी ते उठेनात. शेवटी मी रमणिकभाईंनाच त्यांच्यासाठी दुसरा टीव्ही लावायला सांगितलं, कारण मला माझं टेबल हवं होतं.

पत्रक नव्याने छापलं. बुटांची ओळ गेली, ढालीच्या ओळीत ‘दिवा विझवून’ हे दोन शब्द आले. प्रभाकरभाऊ सोल्डरिंगवरून माझ्या शेजारच्या टेबलावर आले. त्यानंतरची सगळी पत्रकं आम्ही दोघांनी मिळून लिहिली.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा लॅबचा नियम मी पाळला होता. चाळीस वेळा पाळला होता. चूक होती ती दर वेळी तशीच ठेवलेल्या गोष्टीत. आपण काय बदललं हे माणूस वहीत नीट लिहितो. रोज न चुकता काय करतो, ते मात्र शेजारच्याने बघितल्याशिवाय कळत नाही.